मला सुतात आणलं, त्याची हकिगत

मी एक जुनी लोखंडी मेख आहे. मित्रांनो, मेख म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढे तंबूची दोरी येईल, नाहीतर दावणीला बांधलेली गाय. तसलं सुख माझ्या वाट्याला आलं नाही. मी डोंगर मोजायचं काम केलं. हसू नका. त्याची उंची नव्हे, तो किती सरकला ते मी मोजायची. डोंगर सरकतो हे तुम्हाला आजवर कुणी सांगितलं नसेल, तर मी सांगते. सरकतो. माझं सगळं रडगाणं एवढंच आहे की ज्यांना ते सांगायला हवं होतं, त्यांना कुणी वेळेवर सांगितलं नाही.

माझा जन्म भंगारातला. एका मोडक्या फाटकाचा गज होते मी. लोहारानं मला भट्टीत घातलं, कापलं, एका बाजूला ठोकून ठोकून टोक काढलं आणि दुसऱ्या बाजूला चपटं डोकं. माझ्याबरोबर माझ्या बऱ्याच बहिणी त्याच फाटकातून निघाल्या. मेखा न्यायला आलेल्या बाईंना लोहारानं विचारलं, कुठे लावायच्या ह्या? बाई म्हणाल्या, डोंगरावर. लोहारानं त्यांच्याकडे असं काही पाहिलं, की मला वाटलं आता हा आम्हाला द्यायचाच नाही.

ह्या बाई म्हणजे जमिनीचा अभ्यास करणाऱ्या. पाऊस, ऊन, वारा आणि वाहतं पाणी मिळून जमिनीचं रूप कसं घडवतात, कुठे कोरतात, कुठे भर घालतात, कुठे ढकलतात, हे बघणं त्यांचं काम. त्यांची खोली कचेरीच्या वरच्या मजल्यावर होती. तिला एकच खिडकी. फळ्यांवर पत्र्याचे डबे आणि प्रत्येक डब्यात कुठल्या ना कुठल्या उताराची माती. कोपऱ्यात चाळण्यांची चळत, एक तराजू, माती वाळवायची छोटी भट्टी, आणि टेबलाखाली कधीच न धुतलेले बूट. बाई मातीशी बोलायच्या. ओला गोळा चिमटीत दाबून म्हणायच्या, किती पाणी प्यायलीस ग तू? शिपाई दारातून बघायचा आणि चहा ठेवून गुपचूप निघून जायचा. लोक त्यांना मातीवाल्या बाई म्हणायचे. तोंडावर नाही, पाठीमागे. त्यांना ते ठाऊक होतं आणि मनातून आवडायचंही, असा माझा अंदाज आहे.

त्या खोलीत आमच्या डोक्यांना लाल रंग लागला आणि एके सकाळी आमची रवानगी डोंगरावर झाली.

शहर जिथे संपतं तिथे तो डोंगर होता. अगदी पायथ्याशी घरांची एक गल्ली. जागा पुरेना म्हणून लोकांनी डोंगराचा पायथा खणून सपाट केला होता आणि त्या खोबणीत भिंती उभ्या केल्या होत्या. बाई म्हणायच्या, पायथा खणला की डोंगराचा टेकू जातो. वरच्या झाडांचे बुंधे मुळाशी विळ्यासारखे वाकलेले होते. बघणाऱ्याला वाटावं, झाडंच तशी आहेत. पण ते झाडांचं वळण नव्हे. खालची माती सरकत जाते, झाड बिचारं पुन्हा पुन्हा सरळ व्हायला बघतं, आणि त्या धडपडीत त्याचं बूड वाकतं. डोंगर आपल्या पायांनी चालत नाही, मित्रांनो. माती भिजली की फुगते, वाळली की बसते, आणि दर वेळी बसताना किंचित खाली बसते. वर्षानुवर्षं हे चालतं. कुणाचं लक्ष जात नाही, आणि मग कधीतरी, पाणी फार झालं की, सगळं एकदम सुटतं.

ते सुटायच्या आधी कळावं म्हणून आम्ही. उताराच्या दोन्ही कडांना पक्का खडक होता. दोन्ही खडकांत एकेक मेख सिमेंटनं बसवली. त्या दोघी आमच्या थोरल्या, त्या जागच्या हलणं शक्य नव्हतं. त्या दोघींच्या मधे दोरी ताणून आम्हा बाकीच्यांना मातीत एका ओळीत ठोकलं. मी बरोबर मधली. बाई दर महिन्याला यायच्या, थोरल्या दोघींमधे दोरी ताणायच्या आणि आम्ही त्या दोरीच्या किती खाली उतरलो ते पट्टीनं मोजायच्या. आम्ही जितक्या वाकड्या, तितका डोंगर चाललेला. इतकं साधं. आमचं काम म्हणजे वाकडं होणं, आणि ते मी चोख केलं. पहिल्या वर्षी बोटभर, दुसऱ्या वर्षी चांगली वीतभर. मधल्या भागाला सगळ्यात जास्त ओढ होती, त्यामुळे मी सगळ्यांच्या पुढे. बाई मला बघून मान हलवायच्या. त्यात शाबासकी होती आणि भीतीही होती.

आता खालच्या गल्लीतल्या माणसांविषयी सांगते. तीनच सांगते, बाकीची तुमच्यासारखीच होती.

अगदी डोंगराला पाठ लावून होतं ते गवंडीकाकांचं घर. त्यांनी स्वतःच्या हातानं बांधलेलं. गवंडीकाका पन्नाशी ओलांडलेले, अंगानं सडसडीत, आणि वाकडं काही दिसलं की त्यांना चैन पडायचं नाही. दुसऱ्याच्या घरी पाहुणे म्हणून गेले तरी भिंतीवरचा फोटो सरळ करून मगच बसत. गेली काही वर्षं त्यांच्या मागच्या भिंतीला भेग पडत होती. ते भेग बुजवून वरून गिलावा करत. पुन्हा भेग, पुन्हा गिलावा. मागचं दार अडकू लागलं की ते रंधा मारत आणि लाकडाला शिव्या घालत. लाकूड बिचारं ठीक होतं. घर सरकत होतं.

त्यांच्या घरात त्यांची थोरली बहीण होती, आक्का. आई लवकर गेली, तेव्हा आक्कानंच त्यांना वाढवलं. आता तिचे गुडघे गेले होते, पण जीभ शाबूत होती. मोजणी करून बाई खाली उतरल्या की आक्का हाक मारून त्यांना चहाला बसवायची आणि चिडवायची, "काय ग पोरी, डोंगराला दावणीला बांधलंस की काय? कुठे पळून चालला होता तो?"

बाई हसून चहा प्यायच्या. उत्तर द्यायच्या नाहीत.

तिसरा म्हणजे शेजारचा शिंपी. दिवसभर मशीन चालवत दारात बसायचा आणि येणाऱ्या जाणाऱ्याची फिरकी घ्यायचा. बाईंचे चिखलाचे बूट बघून म्हणायचा, डोंगर रोज थोडा थोडा घरी नेता वाटतं बाई, म्हणून कमी होतोय.

आणि बाई उत्तर का द्यायच्या नाहीत, तेही सांगते, कारण सगळ्याचं मूळ तिथे आहे. कचेरीतल्या मोठ्या साहेबांचा हुकूम होता. पुरावा पक्का झाल्याशिवाय गल्लीत अवाक्षर काढायचं नाही. उगाच घबराट नको. शहराच्या दुसऱ्या टोकाला नवी घरं बांधून तयार होती, कुलपं लावून ठेवलेली. साहेबांनी एक सही केली की गल्लीतल्या सगळ्यांना तिथे हलवता येणार होतं. पण त्या सहीसाठी साहेबांना स्वतः येऊन, स्वतःच्या डोळ्यांनी बघायचं होतं. साहेब वाईट नव्हते, मित्रांनो. कागदावरच्या आकड्यांवर माणसांची घरं रिकामी करायची, हे त्यांना पटत नव्हतं, एवढंच. आणि बाई हुकूम पाळणाऱ्या होत्या. मेखांना हात लावू नका, एवढं त्यांनी गल्लीत सांगितलं होतं. का लावू नका, ते नव्हतं सांगितलं.

आता गवंडी माणसाला डोंगराच्या उतारावर एका ओळीत ठोकलेल्या मेखा दिसल्या, तर तो काय समजेल? तुम्हीच सांगा. पाया खणायच्या आधी गवंडी नेमकं हेच करतो. मेखा ठोकतो, सूत बांधतो, त्या ओळीवर भिंत उठते. गवंडीकाकांनी मनाशी पक्कं केलं होतं की घरांच्या रक्षणाला इथे मोठी भिंत येणार आहे आणि ही तिची आखणी आहे. आक्कालाही त्यांनी तसंच सांगितलं. बाई कमी बोलतात, पण मनाच्या चांगल्या आहेत, आपल्यासाठी भिंत मंजूर करून घेतायत, असं म्हणायचे. हात लावू नका हे पोरांसाठी आणि बकऱ्यांसाठी आहे, आपल्यासारख्या कारागिरासाठी थोडंच, असंही त्यांचं मत होतं.

पावसाचे दिवस तोंडावर आले आणि साहेब उद्या पाहणीला येणार अशी बातमी गल्लीत पोचली. बाईंनीच आक्काला सांगितलं होतं. उद्या सगळं नीट पार पडू दे, एवढंच त्या म्हणाल्या.

त्या दिवशी ऊन उतरल्यावर गवंडीकाका वर आले. हातात सूत, ओळंबा, थापी आणि पहार. त्यांनी एका खडकातल्या मेखेपासून दुसऱ्या खडकातल्या मेखेपर्यंत सूत ताणलं, बोटानं छेडून बघितलं आणि आमच्याकडे पाहून कपाळाला हात लावला. मधे सगळी ओळ पोट सुटल्यासारखी खाली लोंबली होती. मोठे साहेब येणार आणि बाईंची आखणी ही अशी! भिंत वाकडी उठेल, नाहीतर साहेब मंजुरीच देणार नाहीत, आणि बाईंची अब्रू जाईल ती वेगळीच. त्यांनी एकेकीला उपसलं. मला उपसलं तेव्हा मी जीव खाऊन मातीला धरून बसले होते, पण पहारीपुढे माझं काय चालणार? त्यांनी प्रत्येकीला सुतात आणलं, ओळंबा लावून उभं केलं, भोवती खडे घालून माती घट्ट चोपली, जुनी भोकं बुजवली, वर गवताची ढेकळं परत जागच्या जागी बसवली आणि पाणी शिंपडलं. माझ्या उभ्या आयुष्यात मला इतक्या मायेनं कुणी ठोकलं नव्हतं. काम झाल्यावर ते दोन पावलं मागे सरले, एक डोळा मिटून ओळ बघितली आणि खूश होऊन घरी गेले.

मला वाचा असती तर मी तिथेच बोंब ठोकली असती.

सकाळी साहेब आले. धापा टाकत वर चढले, बूट घसरत होते तरी कुणाचा हात धरला नाही. गल्लीतली माणसं खाली गोळा झाली होती. बाईंनी दोरी ताणली. दोरी आमच्या प्रत्येकीच्या डोक्याला टेकत टेकत गेली. एक केससुद्धा फरक नाही. बाईंच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. त्या पुन्हा दोरी ताणायला गेल्या. पुन्हा तेच. गेल्या महिन्यापर्यंत मधली मेख वीतभर खाली होती, असं त्या म्हणाल्या आणि त्यांनी मोजणीचे कागद पुढे केले. साहेबांनी कागद बघितले, मग वाकून आमच्याकडे बघितलं. ताजी खणलेली माती कुठे दिसेना. गवंडीकाकांचं काम कच्चं नसायचं.

"आकडे तुमचे आहेत, बाई, आणि डोळे माझे," साहेब म्हणाले. "ओळ सरळ आहे."

कुणीतरी मेखा हलवल्या असतील, असं बाई म्हणाल्या. कुणी आणि कशासाठी, असं साहेबांनी विचारलं.  ह्याचं उत्तर ज्याच्याकडे होतं तो माणूस खाली गर्दीत उभा होता. आधी त्याच्या चेहऱ्यावर अभिमान होता. मग त्याला बाईंचा चेहरा दिसला. काहीतरी भलतंच घडलंय एवढं त्याला कळलं, पण काय ते कळेना. आपण बोललो तर बाई आणखी अडचणीत येतील, असं वाटून तो गप्प राहिला. साहेबांनी खाली उतरताना लोकांना मोठ्यानं सांगितलं की डोंगर पक्का आहे, निर्धास्त राहा. शिंप्यानं टाळ्या वाजवल्या. आपला डोंगर सज्जन निघाला म्हणाला.

गाडी गेल्यावर गवंडीकाका बाईंपाशी आले आणि त्यांनी सगळं सांगितलं. ओळ वाकडी दिसत होती म्हणून सुतात आणली, तुमचं काम वाकडं दिसायला नको म्हणून. बाई खडकावर बसल्या.

"काका," त्या म्हणाल्या, "ते वाकडेपणच माझं काम होतं."

आणि मग, दोन वर्षं जे तोंडात धरून ठेवलं होतं, ते बाईंनी काकांना तिथेच सांगितलं. भेग का पडते, दार का अडकतं, पायथा खणल्यानं काय झालं, पाणी मुरलं की काय होईल. 

गवंडीकाकांनी गप्प राहून काही लपवलं असं समजू नका. ते बाईंबरोबर कचेरीत गेले आणि त्यांनी साहेबांपुढे सगळं कबूल केलं. साहेबांना वाटलं, बाईंनीच हा साक्षीदार उभा केलाय. ते म्हणाले, पुन्हा मोजा, एक पावसाळा जाऊ द्या, मग बघू. गवंडीकाका घरोघर फिरले. डोंगर सरकतोय म्हणाले. लोक म्हणाले, अहो, एवढे मोठे साहेब स्वतः बघून गेले ना? शिंप्यानं त्यांची खूप टिंगल केली. आक्कानं तर ऐकूनच घेतलं नाही. तिच्या धाकट्या भावानं विटेवर वीट ठेवून बांधलेलं घर होतं ते, आणि ते पडेल हे तिला कुणी सांगून पटणार नव्हतं. तिला उचलून न्यायचं तर न्यायचं कुठे? नव्या घरांची कुलपं अजून तशीच होती.

पाऊस सुरू झाला. तो थांबेना. माती पाणी पिऊन पिऊन जड झाली. ज्या जागी मला इतक्या प्रेमानं उभं केलं होतं, तिथून मी महिनाभरात वीतभर खाली आले. बाई दर दोन दिवसांनी येऊन मोजायच्या, धावत कचेरीत जायच्या आणि पावसाळा संपू द्या, हेच साहेबांकडून ऐकून मान खाली घालून परत यायच्या.

मग एका दुपारी, पायथ्याशी जो झरा होता त्याचं पाणी गढूळ झालं, म्हणजे डोंगराच्या आतली माती वाहू लागली होती. बाईंनी ते पाहिलं आणि हुकूम गेला खड्ड्यात म्हणून गल्लीत शिरल्या. दारं बडवत सुटल्या. काही माणसं त्यांचा अवतार बघूनच घाबरली आणि पोरं काखेत मारून बाहेर पळाली, ती वाचली. शिंपी म्हणाला, एवढी शिवण संपवतो आणि येतोच. गवंडीकाका शहरात कामावर होते. बाई आक्काचा हात धरून ओढू लागल्या. आक्का जागची हलेना.

"माझ्या भावानं सूत लावून बघितलंय त्या डोंगराला," ती म्हणाली. "तो आल्याशिवाय मी हलायची नाही."

बाईंनी तिला उचलायचा प्रयत्न केला. जमलं नाही. त्या माणसं आणायला बाहेर धावल्या. गल्लीच्या तोंडाशी पोचल्या असतील नसतील, तेवढ्यात माझ्या टोकाखालची माती सुटली. आवाज आधी खालून आला, मग वरून. थोरल्या दोघी खडकात जागच्या जागी राहिल्या. आम्ही बाकीच्या मात्र झाडं, दगड, चिखल सगळ्यांसकट खाली गेलो. मी एका भिंतीतून आत शिरले. गिलाव्यावर गिलावा चढलेली ती भिंत होती.

गवंडीकाकांनी दोन दिवस हातांनी चिखल उपसला. आधी त्यांच्या हाताला मी लागले. मला ओळखून त्यांनी बाजूला ठेवलं. नंतर आक्का सापडली. शिंपी मशीनपाशीच होता.

त्याच आठवड्यात साहेबांची सही झाली. कुलपं उघडली. उरलेली माणसं नव्या घरांत गेली. भिंती कोऱ्या, दारं सहज उघडणारी. गवंडीकाकांना दोन खोल्या मिळाल्या, दोन माणसांच्या हिशेबानं. ते तिथे एकटे राहतात. कामावर जात नाहीत. मला त्यांनी बरोबर नेलं होतं.

काही दिवसांनी बाई त्यांना भेटायला गेल्या.  काकांनी विचारलं, "बाई, मी हात लावला नसता, तर आक्का वाचली असती ना?"

बाई खोटं बोलू शकल्या असत्या. निसर्गापुढे कुणाचं काय चालतं, असं लोक म्हणतात तसं म्हणून उठू शकल्या असत्या.

"मी सांगितलं असतं, तर तुम्ही हात लावला नसता," त्या म्हणाल्या.

काकांनी मान हलवली. मग मला उचलून बाईंच्या हातात दिलं. तुम्ही माझ्याबरोबर चला, दुसऱ्या डोंगरांखाली लोक आहेत, त्यांना सांगू, असं बाई म्हणाल्या. काका म्हणाले, मला नाही जमणार. त्यांना खरंच जमणार नव्हतं.

तेव्हापासून मी बाईंच्या पिशवीत आहे. कचेरीत जाऊन येऊन उरलेल्या वेळात त्या डोंगरांखालच्या वस्त्यांत फिरतात. साहेबांनी त्यांना नोटीस पाठवली आहे, त्यांनी ती वाचून ठेवून दिली. दार वाजवतात, मला बाहेर काढतात आणि सांगायला लागतात. पुष्कळ दारं तोंडावर आपटतात. कुणाला वेळ नसतो, कुणाला त्या वेड्या वाटतात, कुणाला वाटतं वर्गणी मागायला आल्या.

मित्रांनो, कधी तुमच्या दारात चिखलाचे बूट घातलेली अशी एक बाई हातात गंजकी मेख घेऊन उभी राहिली, तर तिला घरात घ्या. तुमच्या घरामागच्या उताराविषयी ती जे सांगेल ते शेवटपर्यंत ऐका, समजलं नाही तर पुन्हा विचारा. आणि उद्या तुम्हीच शिकून मोठे झालात, डोंगर मोजू लागलात, तर मोजलेलं आधी खालच्या घरांत जाऊन सांगा आणि मग कचेरीत न्या. घाबरतील माणसं. घाबरू द्या. घर सोडायचं की नाही, ते नंतर त्यांना ठरवू दे. आक्काला कुणी वेळेवर सांगून ठरवूच दिलं नाही.